गुंडूआबांचे पंधरा पेरू

कोल्हापूरच्या माणसाला काय वाट्टेल ते विचारावं, पण चार माणसांत बसलेला असताना 'तुम्ही किती खाता' हे कधी विचारू नये. विचारणाऱ्याचा कागद पुरत नाही. एवढं साधं शहाणपण प्रियदर्शनी कांबळेला नव्हतं असं नाही, ती खुद्द कोल्हापूरचीच. पण तिच्या हातात पुण्याच्या ऑफिसनं छापलेले फॉर्म होते, आणि फॉर्म छापणाऱ्याला तालमीचा कट्टा म्हणजे काय चीज असते हे कुठून ठाऊक असणार?

हुपरीच्या रस्त्याला, गावाच्या तोंडाशीच तालीम आहे. आत आता कुस्तीपेक्षा मोबाइल जास्त खेळला जातो, पण बाहेरचा कट्टा जुन्या पैलवानांनी अजून सोडलेला नाही. सकाळी नऊला भरलेला कट्टा जेवणाची हाक आल्याशिवाय हलत नाही. त्यातली मधली जागा गुंडूआबा चौगुल्यांची. वय एकाहत्तर, मिशी झुपकेदार, फेटा कडक, आणि गावभर नाव 'बाविशे'. ऐन उमेदीत हुपरीच्या एका लग्नात सगळी पंगत उठल्यावर आबांनी पैजेनं बावीस लाडू खाल्ले होते, आणि वर आचाऱ्याला विचारलं होतं की भात शिल्लक आहे काय. त्याला पन्नास वर्षं होत आली. लाडू केव्हाच जिरले, नाव काही जिरलं नाही. शाळेतली पोरंसुद्धा त्यांना बाविशे आबाच म्हणतात, आणि आबा वरवर डोळे वटारतात, पण आतून खूश असतात.

तर प्रियदर्शनीनं कट्ट्यासमोर स्कूटर लावली आणि काम सांगितलं. पेरू, द्राक्षं, चिकू अशा ताज्या फळांवर फवारणीच्या औषधाचा किती अंश राहिला तर चालेल, याची कायद्यानं हद्द ठरवायची असते. ती ठरवायची तर माणसं मुळात ते फळ किती खातात हे माहीत पाहिजे. तेवढ्यासाठी ती गावोगाव फिरत होती. या गावात पेरूच्या बागा बऱ्याच, म्हणून पेरूचं विचारायचं.

"मी घरी येऊन एकेकाला विचारते," ती म्हणाली.

"घरी कशाला?" गुंडूआबा म्हणाले. "आमी काय चोरून खातोय व्हय? हितंच इच्चारा. हूं द्या समद्यांच्या म्होरं."

झालं! तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. तिनं पहिला प्रश्न केला, की एका बैठकीला जास्तीत जास्त किती पेरू खाता? कडेला बसलेले अमरसिंह, एसटीतून निवृत्त झालेले, साधा माणूस, म्हणाले, "दोन."

कट्टा असा काही हसला की अमरसिंहांनी घाईघाईनं "दोन म्हंजे नाष्ट्याच्या आधी," असं जोडलं आणि आकडा चारावर नेला. पुढच्यानं सहा सांगितले. त्याच्या शेजारच्याला सहा सांगून कसं चालेल? तो आठावर गेला. मग पाळी जयसिंगतात्यांची. जयसिंगतात्या म्हणजे गुंडूआबांचा तालमीतला जोडीदार. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकाला माती चारली आणि एकाच पितळीत खाल्लं. तात्यांनी मांडी बदलली आणि "धा" म्हणून मोकळे झाले. नंतर मान वळवून म्हणाले, "आता आमचं बाविशे काय सांगत्यात ते आयकू."

सगळा कट्टा आबांकडं वळला. रस्त्यावरून इचलकरंजीची बस गेली, तिच्याकडंही कुणी बघितलं नाही.

"पंधरा," गुंडूआबा म्हणाले.

प्रियदर्शनीचं पेन थांबलं. "पंधरा पेरू? एका बैठकीला?"

"बारीक असलं तर सतरा. तुमी आपलं पंधराच लिवा, उगं वाढवून सांगायची आपल्याला सवं न्हाई."

कट्ट्यानं वाहवा केली. प्रियदर्शनीनं ओठ दाबून आकडा लिहिला, खाली आबांचा अंगठ्याएवढा मोठा सहीचा फराटा घेतला आणि ती पुढच्या गावाला गेली. गुंडूआबा त्या दिवशी घरी गेले ते छाती काढून.

आता खरी गोष्ट सांगायलाच पाहिजे, ती ही, की गुंडूआबांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. अडीच वर्षांपूर्वी शेवटची दाढ गेली तेव्हा ते घरात 'इचलकरंजीला भाच्याकडं जातो' म्हणून सांगून निघाले आणि थेट कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरकडं जाऊन बसले. चार फेऱ्यांत वरची-खालची कवळी बसली. ही गोष्ट त्यांनी साऱ्या गावापासून लपवली. न्हाणीचं दार लावून कवळी धुवायची, झोपताना उशीखाली डबीत ठेवायची, आणि पहाटे कुणी उठायच्या आत परत तोंडात. कवळीनं भाकरी दुधात कुस्करून जाते, भात जातो, तांबडा रस्सा तर बिनदाताचाही जातो. पण पेरू म्हणजे साक्षात वैरी. दात रोवायला जावं तर कवळी उचकटते, आणि त्यातून एखादं बी हिरडीखाली सापडलं की बावीस लाडू खाल्लेल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं. अडीच वर्षांत आबांनी एकाही पेरूला दात लावला नव्हता. आणि घराच्या मागं एक एकर पेरूची बाग! दात होते तेव्हा चणे नव्हते, ते हे असं.

बाग सुनेची, संयोगिताची. मुलगा यशराज इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, त्याची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, त्यामुळं शेत तिच्याच अंगावर. तीन वर्षांपूर्वी तिनं एकरभर ऊस काढून पेरू लावायचं म्हटलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? आपले आबाच. "ऊस काढून पेरू? पोपटांची खानावळ काढायची हाय व्हय?" असं त्यांनी भर सोप्यात, पुढच्या ओसरीवर चार माणसांदेखत, विचारलं होतं. संयोगितानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खड्डे काढायला माणसं लावली. चारशे रोपं तिनं स्वतः उभी राहून लावली, वाढवली. या वर्षी पहिला भरघोस बहर धरला होता, आणि 'पोपटांची खानावळ' म्हणणारे आबा आता पाहुण्यांना 'आमची बाग' म्हणून दाखवत होते.

तीन आठवड्यांनी प्रियदर्शनी परत आली. या वेळी थेट घरी, हातात वजनकाटा. गुंडूआबा सोप्यात बसले होते, जयसिंगतात्या चहाच्या आशेनं आले होते, आणि संयोगिता उंबऱ्याशी उभी होती.

"आबा," प्रियदर्शनी म्हणाली, "तुमच्या कट्ट्यानं आमचा सगळा हिशेब उलटा केलाय. बाकीच्या गावांत पाच-सहाच्या वर कुणी गेलं नाही. इथं मात्र आठ, दहा आणि पंधरा."

"मग? कोल्हापूरची माती हाय ती." आबांची मिशी वर गेली.

"पुढचं ऐका की. ही हद्द मधल्या माणसाकडं बघून ठरवत नाहीत. सगळ्यात जास्त खाणारा धरतात. त्यानं एका दिवसात पोट फुटेस्तोवर पेरू खाल्ले तरी औषधाचा अंश त्याला बाधता कामा नये, अशी ती हद्द. आणि माझ्या सगळ्या यादीत सगळ्यात जास्त खाणारे म्हणजे तुम्ही."

"आयला!" जयसिंगतात्या म्हणाले. "म्हंजे कायदा बाविशेंच्या पोटावर?"

गुंडूआबांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा आणखी एकदा टाकायला सांगितला. कुस्तीत गदा मिळाली नव्हती, ती आता या वयात घरबसल्या चालत आली असंच त्यांना वाटलं. पण प्रियदर्शनीचं बोलणं संपलं नव्हतं.

"आता पेरूवर पिठ्या ढेकूण ही कीड पडते, तिच्यावरच्या एका औषधाचं ठरायचं आहे. लोक खातात तेवढं धरलं, तर फवारल्यावर सात दिवसांनी तोडायला हरकत नाही. पण तीन-तीन किलो पेरू खाणारी माणसं आहेत म्हटल्यावर सात दिवसांनी राहणारा अंशही जास्तच झाला. मग एकवीस दिवस थांबा म्हणतील, नाहीतर पेरूला ते औषधच नको म्हणतील."

"एकवीस?" संयोगिता पहिल्यांदाच बोलली. "पेरू झाडाव एकवीस दिवस थांबतोय व्हय, बाई? आठ दिसात पिवळा हुतोय."

"म्हणून तर आले. साहेब म्हणाले, खरंच एवढं खात असतील तर तसंच धरलं पाहिजे, माणसाच्या जिवापेक्षा पेरू मोठा नाही. पण आधी वजन करून बघ. तीन दिवस मी इथं बसून घरातलं सगळं खाणं मोजणार आहे." ती आबांकडं वळली. "आणि आकडा जरा सैल पडला असेल तर आत्ताच सांगा. मी खोडते, नवा लिहिते. त्यात काही गुन्हा नाही."

किती सोपं होतं बघा! एक शब्द बोलायचा होता. पण शेजारी जयसिंगतात्या बशीत चहा ओतून कान टवकारून बसले होते, आणि तात्यांच्या कानात गेलेलं दुपारपर्यंत कागलात पोचतं.

"गुंडू चौगुल्याचा शब्द हाय त्यो," आबा म्हणाले. "मोजा."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

संयोगितानं एकदा सासऱ्यांकडं बघितलं, एकदा मागच्या दारातून दिसणाऱ्या बागेकडं, आणि "मी चहा ठेवतो," म्हणून ती आत गेली. प्रियदर्शनी तिच्या मागोमाग गेली, कारण फॉर्मच्या नियमाप्रमाणं स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही विचारायचं असतं. गुंडूआबांनी सोप्यातून कान लावला.

"तुम्ही सांगा वहिनी, सासरे किती पेरू खातात?"

आत भांड्याचा आवाज झाला. मग संयोगिता म्हणाली, "त्यांनी सांगिटलंय न्हवं? मग तेच लिवा."

आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुनेला काही माहीत नाही म्हणायचं. इज्जत वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सुरू झाला. भाकरी काट्यावर, दूध काट्यावर, ताटात उरलेला मिरचीचा देठसुद्धा काट्यावर. आबांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. पेरूचं निघालं तेव्हा ते म्हणाले, "पेरू मी मळ्यात खातो. झाडाखाली उभं ऱ्हाऊन. ताटात घेऊन खायला मी काय आजारी हाय?"

प्रियदर्शनीनं सकाळपुरते नऊ पेरू मोजून, वजन करून पिशवीत दिले आणि ती बरोबर निघाली. तशी आबा गोठ्याशी थांबले. "तुमी जरा हितंच बसा. परक्या बाईमानसाम्होरं तोंड चालवायचं म्हंजे आपल्याला कसंतरी हुतंय." गोठ्यामागं ते गेले, दहा मिनिटांत मिशी पुसत परत आले, आणि रिकामी पिशवी झटकून दाखवली. ढेकरही दिला. ढेकर मात्र खरा होता, दूध-भाकरीचा.

प्रियदर्शनीनं वेळ लिहून घेतली.

सगळं ठीक होतं, पण चंद्री म्हैस ठीक नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी नऊ पेरू सलग चारले होते. दुपारी पाणी पाजून सोडल्यावर ती गोठ्याकडं न जाता सरळ सोप्याकडं आली, अर्धी पायरी चढली आणि गुंडूआबांच्या खिशात तोंड घालून फुरफुरायला लागली. आबांनी तिला ढकललं, फेटा सावरला, शिव्या घातल्या. चंद्री हलेना. तिच्या तोंडाला पेरूचा घमघमाट येत होता.

प्रियदर्शनीनं वही उघडली, सकाळची ओळ खोडली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "नऊ पेरू, म्हैस."

"अवो, तिला उरलंसुरलं..."

"तिचा फॉर्म वेगळा असतो आबा." तिनं वही मिटली. "उद्या सोप्यात बसायचं. माझ्यासमोर. तोंडात गेलेलं दिसलं तरच लिहिणार, नाहीतर सरळ पंधराच खरे धरून कागद पुण्याला पाठवते. मला रोज उठून म्हशीची चौकशी करायला वेळ नाही."

गुंडूआबांना त्या रात्री नीट झोप लागली नाही. खरं सांगावं तर पन्नास वर्षांचं नाव जातं, खोटं रेटावं तर सुनेची बाग जाते. असं त्यांना वाटलं, आणि मग वाटलं, छे, बाग कुठली जाते? कागदावरच्या आकड्यानं कधी बाग गेलीय? नाव मात्र नक्की जातं. असा स्वतःच्या मनाशी सोयीस्कर निकाल लावून ते उठले.

सकाळी सोप्यात ही गर्दी! जयसिंगतात्यांनी बातमी पोचवली होती. अमरसिंह आले होते, अख्खा कट्टा उठून आला होता, दोघे-तिघे उभ्यानं बघत होते. मधोमध घोंगडं, घोंगड्यावर पेरूंची बुट्टी, पलीकडं काटा. जणू मैदानच लागलं होतं, फक्त हलगी नव्हती.

"हं, बाविशे," तात्या म्हणाले, "लावा सलामी."

आबांनी एक पेरू उचलला. हिरवट, कडक, चांगला पावशेराचा. तो हातात फिरवत त्यांनी घाम पुसला. तेवढ्यात आतून संयोगिता लगबगीनं आली.

"आज न्हाई चालायचं," ती म्हणाली. "मामंजींचा आज उपास हाय."

आबांना सुनेचा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. पण अमरसिंह, साधा माणूस, अगदी मनापासून म्हणाले, "मग बरंच झालं की! उपासाला पेरू चालतोय."

कट्ट्यानं टाळ्या पिटल्या.

"हात धुवून येतो," आबा म्हणाले आणि पेरू तसाच हातात घेऊन आत शिरले.

स्वयंपाकघरात ओट्यावर चाळण होती. चाळणीत पेरूच्या बिया, मूठभर, पिवळट, स्वच्छ निथळलेल्या. खाली वाटीत मऊसूत गर, वर मीठ आणि चटणीची चिमूट. ही वाटी आबांच्या ओळखीची होती. गेली अडीच वर्षं पेरूच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा ती त्यांच्या ताटात यायची. 'मोबाइलवर बघून काय काय करत्यात पोरी' असं म्हणत ते ती चाटूनपुसून खायचे. तिच्यात एकही बी का नसतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

ते चाळणीकडं बघत उभे राहिले. मागून संयोगिता आली.

"कवापासनं ठावं हाय तुला?" त्यांनी हळू विचारलं.

"पयल्यापासनं. शाहूपुरीच्या डॉक्टरची चिठ्ठी तुमच्या खिशात ऱ्हायलीती. धुण्यात घावली."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमी बोलला न्हाईसा. मग मी कशाला बोलू?" तिनं पदरानं हात पुसले आणि आवाज आणखी खाली आणला. "मामंजी, तुमी बाहीर जाऊ नगासा. पोटात दुखतंय म्हणून पडून ऱ्हावा. पंधरा तर पंधरा जाऊ देत पुण्याला."

"आन बाग?"

"बागंचं बघू की. औषध न्हाई गावलं तर पिठ्या हातानं पुसून काढतो. फडकं घेऊन. चारशेच तर झाडं हायती."

चारशेच तर! आबांनी तिच्या हातांकडं बघितलं. खड्डे काढल्यापासून त्या हातांना उसंत नव्हती. ज्या माणसानं तिच्या बागेला भर सोप्यात पोपटांची खानावळ म्हटलं होतं, त्याच्या तोंडातल्या बनावट दातांसाठी ही पोरगी चारशे झाडं पानापानानं पुसायला निघाली होती. आणि रात्री तो माणूस कसला हिशेब करत पडला होता? गुंडूआबांना भडभडून आलं. स्वतःची इतकी लाज त्यांना मैदानात चितपट झाल्यावरही वाटली नव्हती.

"वाटी घे," ते म्हणाले. "आन चल माझ्यासंगं."

सोप्यात येऊन ते घोंगड्यावर बसले. पेरू बुट्टीत परत ठेवला. मग फेटा काढून बाजूला ठेवला, तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही प्रियदर्शनीच्या काट्यावर ठेवल्या.

"ह्ये बी मोजा," बोळक्या तोंडानं ते म्हणाले.

प्रियदर्शनीनं कवळीकडं बघितलं, मग सवयीनं आकड्याकडं.

"किती?" जयसिंगतात्यांनी मान पुढं काढली. जिभेची खोड, दुसरं काय!

"बावीस ग्रॅम."

आधी कोण हसलं ते कळलं नाही. बहुतेक खुद्द आबाच. मग जे हसू फुटलं ते आवरेना. अमरसिंह भिंतीला टेकून डोळे पुसायला लागले, तात्या मांडीवर थापा मारायला लागले. "बावीसच भरलं की रं गड्या! नाव न्हाई सोडलंस!" आबांचे दात काट्यावर आणि हिरड्या सगळ्या गावाला दिसतायत, अशा अवस्थेत ते कितीतरी वेळ हसत राहिले. एवढं मोकळं ते अडीच वर्षांत हसले नव्हते, हसताना कवळी निसटेल ही धास्ती होती ना.

हसणं ओसरल्यावर त्यांनी प्रियदर्शनीला सांगितलं, "पोरी, पंधरा खोड. अडीच वरसं झाली, मी पेरूला दात लावला न्हाई. लावायला दातच न्हाईत. माझ्या फुशारकीपायी हिच्या बागंचं वाटुळं नगं."

"खोडते आबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता पुण्याचं ऑफिस नव्हतं. "हद्द काय ठरंल ते मी सांगू शकत न्हाई. लई गावांचं लई कागद असत्यात. पण ती खऱ्या पोटावर ठरंल एवढं नक्की."

मग एक गंमत झाली. जयसिंगतात्या खाकरले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, लगोलग माझं बी... ते धा हाईत न्हवं, ते खोडा. मला मूळव्याध हाय. डॉक्टरनं पेरूचं नाव काढू नगं म्हणून सांगिटलंय." त्यांच्या मागून आठ सांगणारा म्हणाला, माझं दीड करा. सहा सांगणारा म्हणाला, आमच्यात पेरू बायको खाते, मला वासच सोसत नाही. एकेक पैलवान काट्यासमोर येऊन हळूच आकडा उतरवून जायला लागला. अमरसिंहांनी चाराचे पुन्हा दोन केले, तेवढा एकच आकडा मुळात खरा होता.

सगळे पांगल्यावर संयोगितानं वाटी पुढं केली. प्रियदर्शनीनं ती काट्यावर ठेवली, रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं. आबांनी चमच्यानं गर खाल्ला, सावकाश, सगळा. कवळी तशीच बाजूला पडली होती, घालायची घाई नव्हती.

"नव्वद ग्रॅम," प्रियदर्शनीनं लिहिलं. "म्हणजे अर्ध्या पेरूलाही कमीच."

"हं. आन फुडं लिव, बिया सुनंनं काढल्या."

"तसा रकाना नाही आबा फॉर्ममध्ये."

गुंडूआबांनी फॉर्म तिच्या हातातून घेतला, लांब धरून डोळे बारीक करून बघितला. बाकी सगळ्याला रकाने होते. वजनाला होता, वयाला होता, फळ धुतलं का, साल काढली का, यालाही होते. त्यांनी पेन मागून घेतलं, कागदाच्या कडेला आपल्या फराटेदार अक्षरात ते वाक्य स्वतः लिहिलं, आणि सही मात्र केली नाही. कागद सुनेपुढं सरकवून म्हणाले, "ह्याच्याखाली तू कर."